आमची मुले राज्याबाहेर शिकतात, शाळाबाह्य नाहीत

मा. शालेय शिक्षण मंत्री
आणि शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन येथील सर्व अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याची. सध्या मुक्काम केरळात, त्रिशूरला. माझ्या यजमानांचे इथे सोन्याच्या गलाईचे, म्हणजे सोने वितळवून शुद्ध करण्याचे, दुकान आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि शेजारचे माण-खटाव या दुष्काळी पट्ट्यातली आमच्यासारखी कितीतरी घरे देशभरच्या सराफ बाजारांत पांगलेली आहेत. कोलकाता, दिल्ली, कोइमतूर, कुठेही जा. सराफ कट्ट्याच्या मागच्या बोळात माणदेशी मराठी कानावर पडतेच. हे पत्र मी या घरांतल्या मुलांसाठी लिहिते आहे. ही मुले तुमच्या नोंदींतून गळतात, आणि पुढे तुमच्याच नियमांमुळे त्यांची अडवणूक होते. दोन्ही गोष्टी तुमच्या हातात आहेत, म्हणून हे पत्र तुम्हाला.

हा धंदा बऱ्याच जणांना ठाऊक नसतो, म्हणून आधी थोडे त्याबद्दल सांगते. सराफाकडे मोडीत आलेले दागिने आमच्याकडे येतात. ते मुशीत घालून भट्टीत वितळवायचे, टंच काढायचा, म्हणजे सोने किती शुद्ध आहे ते तपासायचे, मग त्यात चांदी मिसळून त्याचे बारीक दाणे करायचे आणि ते तेजाबात, म्हणजे आम्लात, उकळायचे. चांदी आणि तांबे तेजाबात विरघळतात, सोने तेवढे तळाशी राहते. ते धुऊन पुन्हा वितळवले की शुद्ध सोने हातात येते. विरघळलेली चांदीही परत काढून घेतात, ती वाया घालवत नाहीत. या कामात तपकिरी धूर निघतो आणि तो छातीत बसतो. दुकाने लहान, कोंदट. चोरीचे सोने वितळवल्याचा संशय आला की पोलीस सगळ्यात आधी गलाईवाल्याच्या दारात येतात. मराठी माणूस घर सोडून बाहेर पडत नाही असे म्हणणाऱ्यांनी एकदा या बोळांतून फिरून यावे.

माणसे गेली ती दुष्काळाने. आमचा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. शेत होते, पण पीक पावसाच्या मर्जीवर. आधीच सुरू झालेली ही वाट १९७२ च्या दुष्काळाने रुंद केली. गावातला एक जण गेला की तो भावाला नेई, मग भाच्याला, मग वाडीतल्या चार पोरांना. वर्षानुवर्षे पुरुष एकटेच जात. बायका, म्हातारी माणसे आणि मुले गावी. मनीऑर्डर येई आणि चैत्रात, खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेला, माणूस येई. माझ्या सासूबाईंचा सगळा संसार असा झाला. त्यांच्या मुलांना बाप म्हणजे वर्षातून पंधरा दिवस येणारा पाहुणा.

आमच्या पिढीने ते मोडले. आम्ही बायका-मुलांसकट निघालो. बापाने मुलांजवळ असावे, बाईने तरणेपण वाट बघण्यात घालवू नये, एवढी साधी इच्छा. तिची किंमत मात्र मुलांच्या शाळेत मोजावी लागते, हे निघताना आम्हाला कुणी सांगितले नव्हते.

बाकीचे सगळे जमते. भाड्याचे घर मिळायला वेळ लागतो, पण मिळते. गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर ज्वारीचे पीठ येते. शेजारची चेच्ची, म्हणजे मल्याळममध्ये ताई, हाताला धरून बाजार दाखवते. कोणती मासळी कधी घ्यायची, इकडच्या जाड मट्टा तांदळाला किती पाणी लागते, हेही शिकवते. एक रेशनकार्ड देशात कुठेही चालते. मतदार यादीतले नाव एक फॉर्म भरून हलवता येते. या गोष्टी सरकारने खरोखर सोप्या केल्या आहेत, त्याबद्दल कृतज्ञता आहे. पण चौथीतले मूल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचे म्हटले की सोपे काहीच राहत नाही.

माझा मुलगा गावच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीपर्यंत शिकला. मराठी वाचन उत्तम, पाढे तोंडपाठ. त्रिशूरच्या शाळेत चौथीत बसला आणि एका दिवसात वर्गातला सगळ्यात गप्प मुलगा झाला. मल्याळमची गोल गोल अक्षरे त्याने कधी पाहिली नव्हती. गणित येत होते, पण प्रश्न काय विचारलाय तेच कळत नव्हते. तो घरी येऊन म्हणायचा, "आई, मला येतंय, पण मला सांगता येत नाही." हे वाक्य राज्याबाहेर गेलेल्या प्रत्येक आईने कुठल्या ना कुठल्या शब्दांत ऐकलेले असते.

त्याला सावरले त्याच्या शिक्षिकेने. मधल्या सुट्टीत ती त्याला जवळ बसवी, चित्र दाखवी, हिंदीत शब्द सांगी, मग मल्याळममध्ये. वर्ष सरता सरता तो वर्गात हात वर करू लागला. केरळ हे फक्त एखाद्या भल्या शिक्षिकेवर सोडून देत नाही, हे मला इथे राहून समजले. एर्नाकुलम जिल्ह्यात २०१७ मध्ये 'रोशनी' नावाचा उपक्रम सुरू झाला. परराज्यांतून आलेल्या मजुरांच्या मुलांना त्यांच्या भाषेचा आधार घेत मल्याळम शिकवायचे, हे त्याचे सूत्र. त्यासाठी मुलांची भाषा जाणणारी माणसे नेमली गेली. मोठ्यांना मल्याळम शिकवायला साक्षरता मिशनची 'चंगाती' योजना आहे. त्याच २०१७ साली केरळने शाळांत मल्याळम सक्तीची करणारा कायदाही केला. पण बाहेरच्या राज्यातून आलेल्या मुलाला दहावीच्या मल्याळम परीक्षेतून सूट देता येईल अशी सोय त्यात ठेवली. स्वतःच्या भाषेबद्दल इतके आग्रही राज्य आणि आलेल्या मुलाची इतकी काळजी, हे दोन्ही एकत्र जमते हे मी इथे पाहते आहे. महाराष्ट्रालाही ते जमावे, असे मला मनापासून वाटते.

आता आपल्या राज्याकडे येते.

आम्ही गाव सोडले त्यानंतर काही महिन्यांनी गावच्या गुरुजींचा फोन आला. "तुमचा मुलगा कोणत्या शाळेत आहे? त्याचं नाव ड्रॉपबॉक्समध्ये दिसतंय." ड्रॉपबॉक्स म्हणजे यू-डायस या देशभरच्या शाळांच्या नोंदींच्या प्रणालीतली ती जागा, जिथे एका शाळेतून गेलेली पण दुसऱ्या शाळेत अजून न दिसलेली मुले पडून राहतात. नव्या शाळेने मुलाला त्याच्या कायम क्रमांकासह आपल्याकडे ओढून घेतले की तो तिथून निघतो. केरळातल्या शाळा राज्याच्या 'संपूर्णा' पोर्टलवर काम करतात, आपल्याकडे 'सरल'. मधल्या नोंदीत नावाच्या स्पेलिंगचा किंवा जन्मतारखेचा जरा फरक पडला की मूल अडकलेच. गुरुजींवर वरून दबाव की ड्रॉपबॉक्स रिकामा करा. मग कुणी 'पालक स्थलांतरित' लिहितो, कुणी 'शाळा सोडली' लिहून मोकळा होतो. रोज सकाळी डबा घेऊन शाळेत जाणारे माझे मूल कुठल्याशा तक्त्यात गळतीच्या आकड्यात धरले गेले असेल, ही कल्पना मला सहन होत नाही.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासनाने शिक्षण हमी कार्ड आणले, हंगामी वसतिगृहे चालवली. ते योग्यच आहे. कोयत्याबरोबर जाणारी मुले आमच्या मुलांपेक्षा कितीतरी अधिक हाल सोसतात. पण तुमची सगळी रचना सहा महिन्यांनी परतणाऱ्या मुलाला धरून आहे. पाच-दहा वर्षांसाठी राज्याबाहेर गेलेले आणि तिथल्या शाळेत नियमित शिकणारे मूल तुमच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. म्हणून पहिली मागणी अशी: 'राज्याबाहेर शिकत आहे' असा स्वतंत्र रकाना करा. त्यात राज्य, जिल्हा, शाळा आणि इयत्ता यांची नोंद असावी. गावच्या शाळेला ही माहिती मिळवणे अवघड नाही. खानापूर-आटपाडीतल्या कुठल्याही वाडीत जाऊन विचारा, कुणाचा मुलगा कुठल्या गावी कुठल्या गल्लीत आहे हे पारावर बसलेला कोणीही सांगेल.

दुसरी गोष्ट परत येण्याची. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण खरी ठेच इथे लागते.

आमच्यातली बरीच घरे आता परतू लागली आहेत. टंच काढायला मशीन आले, मोठ्या रिफायनऱ्या झाल्या, लहान दुकानाचे काम घटले. दुसरीकडे टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आमच्या तालुक्यांत आले. ज्या माळावर कुसळे उगवत, तिथे डाळिंब उभे राहिले. गावी म्हातारे आईबाप एकटे. त्यामुळे धाकटा भाऊ दुकान सांभाळतो, थोरला बायको-मुलांना घेऊन गावी येतो. मुलगी सातवीत, आठवीत असते. मल्याळम, तमीळ किंवा बंगालीत शिकलेली. मराठी घरात बोलते, पण 'ळ' आणि 'ष' कागदावर लिहायला हात अडखळतो.

आमच्या नात्यातली एक मुलगी अशीच परतली. शाळेने सांगितले की परराज्यातल्या दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी आणा. बाप पुन्हा गाडीत बसला. तिकडच्या कार्यालयात साहेब नव्हते, मग सुट्टी लागली. मुलगी तोवर घरी. आणखी एका शाळेने, मराठी कच्चे आहे म्हणून एक वर्ष खाली बसवू, असे तोंडी सांगितले. कोणत्या शाळा, ते इथे लिहीत नाही. त्या शिक्षकांना कुणी कायदा नीट समजावून दिला नसावा, असे मी धरून चालते.

कायदा स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम ५ प्रमाणे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जावे लागले तरी मुलाला शाळा बदलून घेण्याचा हक्क आहे आणि जुन्या शाळेने दाखला ताबडतोब द्यायचा आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचे आणि मागे असेल तर विशेष प्रशिक्षण द्यायचे. खाली बसवणे हा त्यावरचा मार्ग नव्हे. तुम्ही एक परिपत्रक काढा, साध्या मराठीत, एका पानाचे. प्रतिस्वाक्षरी हवीच असेल तर ती शाळेने आणि शिक्षणाधिकारी कार्यालयाने आपसात मागवून घ्यावी, पालकाला हजार किलोमीटर पिटाळू नये. नववी आणि दहावीच्या मुलांना या कायद्याचे संरक्षण नाही, आणि अडचणी सगळ्यात जास्त त्याच वर्गांत येतात. त्यांच्यासाठी वेगळा आदेश लागेल.

मराठीचा प्रश्न याहून नाजूक आहे. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. मी त्या कायद्याच्या बाजूने आहे, अगदी ठाम. बाहेरून आलेल्या मुलाला सूट देण्याची मोकळीक सरकारला आहे आणि आमच्या मुलांसाठी कुणी तो मार्ग सुचवेलही. तो आम्हाला नको. मराठी आईबापाच्या मुलीला स्वतःच्या राज्यात मराठीतून सूट मागण्याची पाळी आणू नका. तिला शिकवा. कोविडनंतर २०२१ साली तुम्ही ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम तयार करून राज्यभर राबवला होता. तसाच एक मराठी लेखन-वाचनाचा सेतू परतणाऱ्या मुलांसाठी करा. या मुलांना बोलता येते, म्हणी येतात, आजीच्या ओव्या येतात. त्यांना लिपी आणि शुद्धलेखन तेवढे हवे. हे पहिलीच्या मुलाला शिकवण्यासारखे काम नव्हे आणि परभाषिक मुलाला शिकवण्यासारखेही नव्हे. त्यासाठी वेगळी पुस्तिका लागेल. ती लिहायला बालभारतीपेक्षा योग्य संस्था कोण?

बालभारतीबद्दल इथेच सांगते. पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात, 'किशोर' मासिकाचे जुने अंकही वाचायला मिळतात. माझी मुलगी त्रिशूरमध्ये जन्मली. तिने मराठी अक्षर ओळखले ते मोबाइलवर उतरवलेल्या पहिलीच्या पुस्तकातून. दुपारी भांडी घासून झाली की आम्ही दोघी बसायचो. ही पुस्तके परगावी बसलेल्या आईला केवढा आधार देतात, हे ती बनवणाऱ्यांना कुणी कळवले नसेल तर मी आज कळवते. पण घरी शिकलेल्या मराठीला कुठे किंमत नाही. तिची परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था दहावीला मराठी विषय घेऊ देते आणि तिची केंद्रे देशभर आहेत. आपल्या राज्याचेही मुक्त विद्यालय मंडळ आहे, ते पाचवी, आठवी, दहावी आणि बारावीची परीक्षा घेते. या मंडळाने फक्त मराठी विषयाची परीक्षा राज्याबाहेर घ्यावी. जिथे गलाई व्यावसायिकांची वस्ती दाट आहे अशा पाच-सहा शहरांत सुरुवात करता येईल. महाराष्ट्र मंडळे जागा देतील, आमची दुकानदार मंडळी पर्यवेक्षकांच्या जेवणाखाण्याची सोय करतील. ते प्रमाणपत्र परतल्यावर शाळेने मान्य करावे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा त्रिशूरच्या सराफ बाजारात आमच्या माणसांनी पेढे वाटले होते. या भाषेवर आमचे प्रेम आहे, तिच्यात परीक्षा द्यायची संधी एवढीच आम्ही मागतो.

शेवटचा विषय तुमच्या विभागापुरता नाही, वैद्यकीय शिक्षण विभागाकडे जातो. तरीही मंत्रिमंडळात तुम्ही शेजारी बसता म्हणून तुमच्यापुढे मांडते. एमबीबीएसच्या राज्य कोट्यातल्या, म्हणजे सरकारी महाविद्यालयांतल्या ८५ टक्के, जागांसाठी अधिवास दाखला तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. केंद्र सरकारी नोकराची किंवा सैनिकाची बदली झाली तर त्याच्या मुलाला यातून सवलत आहे. ती असायलाच हवी. पण आमचीही एका अर्थाने बदलीच झाली आहे. ती दुष्काळाने केली, एवढाच फरक. गावी जन्मलेल्या आमच्यातल्या एखाद्या मुलीने केरळातून दहावी केली, गावी येऊन आजीजवळ राहून बारावी केली, तरी ती महाराष्ट्राच्या कोट्यात बसत नाही. केरळात ती बाहेरची. दोन्ही राज्यांच्या दारात उभी असलेली ही मुलगी 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत कितीही गुण मिळवो, तिला १५ टक्के अखिल भारतीय कोटा किंवा न परवडणारी फी, एवढ्याच वाटा उरतात. अधिवासासाठी साधारण १५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, तोही या मुलांकडे नसतो. आईवडिलांचा सातबारा गावी आहे, घर गावी आहे, मतदान कित्येकांचे अजून गावी आहे. एवढे पुरावे असतील तर पालकांचा अधिवास मुलाला लागू करावा आणि दहावीची अट शिथिल करावी. या जागा आम्हाला फुकट नकोत. रांगेत उभे राहण्याची परवानगी हवी आहे.

काही जण विचारतील, गेलात कशाला? मुलांना गावी ठेवायचे होते. त्यांना मी माझ्या सासूबाईंकडे घेऊन जाईन. मुलाच्या पहिल्या पावलाला, आजारपणाला, दहावीच्या निकालाला नवरा जवळ नव्हता, हे त्या कुरकुर न करता सांगतात. ऐकणाऱ्याने मात्र ते शांतपणे ऐकून घ्यावे. बापापासून तोडून मुले शिकवावीत, असा सल्ला कोणत्याही शिक्षण विभागाने देऊ नये.

एक व्यवहाराची सूचना. येत्या चैत्रात आमची बहुतेक घरे गावी असतील. केरळात एप्रिल-मे सुट्टी असते आणि आपल्याकडच्या शाळा एप्रिलमध्ये चालू असतात, शिक्षक जागेवर असतात. यात्रेच्या आठवड्यात विटा आणि आटपाडी इथे गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत दोन दिवसांचे शिबिर लावा. ड्रॉपबॉक्समधल्या मुलांची कागदपत्रे तिथल्या तिथे जुळवून घ्या, परतणाऱ्यांचे प्रवेश नोंदवा, मराठीची चाचणी घेऊन कोणाला किती मदत लागेल ते पाहा. आम्ही मुलांची आधार कार्डे, गुणपत्रिका आणि दाखले घेऊन येऊ. कोणत्या गावात किती मुले बाहेर आहेत याची यादी गावोगावच्या आयांकडून करून घेण्याचे काम मी आणि माझ्यासारख्या काही जणींनी हाती घेतले आहे. शिबिराची तारीख ठरली की ती यादी गटशिक्षण कार्यालयात पोहोचवू.

आपली नम्र,
गलाई व्यावसायिकाच्या घरातली एक आई
(मूळ तालुका खानापूर, जि. सांगली, सध्या त्रिशूर)